नदीच्या खालच्या अंगाला

पंचवटीतल्या माणसाला गोदावरी घरचीच वाटते. आम्ही तिला गोदावरी म्हणतही नाही. 'गंगेवर जाऊन येते' म्हटलं की घरच्यांना कळतं, आज बुधवारचा बाजार, भाजी आणायला निघाली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकमेकांना एकच गोष्ट विचारतं, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडे चढू लागलं की सराफ बाजारातल्या दुकानदारांची आवराआवर सुरू होते. पूर मोजायची ही आमची रीत, आणि मला ती फार प्रिय आहे.

शाळेत मी भूगोल शिकवत होते. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरी, लांबी 1465 किलोमीटर, मिळते बंगालच्या उपसागराला. हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. उगमापासून अरबी समुद्र 80 किलोमीटरच्या आसपास, तरी ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि अर्धा देश आडवा ओलांडते. निवृत्त झाल्यावर मनाशी ठरवलं, की नकाशावरची ही निळी रेघ गाडीने जाऊन बघायची. एकटीने. ह्यांच्या गुडघ्यांना लांबचा प्रवास सोसत नाही, आणि मैत्रिणींना बरोबर घेतलं असतं तर सगळा रस्ता गप्पांत गेला असता. मला गप्प राहायचं होतं.

दिवाळी उरकून निघाले. कार्तिकात रस्ते कोरडे असतात, नदीत पाणी असतं, दुपारचं ऊन सोसवतं. नियम थोडेच ठेवले होते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं, टाकी अर्ध्यावर आली की भरायची, आणि संध्याकाळी घरी फोन करायचा. मोबाइलवरचा नकाशा दर वेळी जवळची वाट दाखवायचा आणि ती वाट नदीपासून लांब जायची. म्हणून मी पुढचं शहर न टाकता पुढच्या घाटाचं, पुलाचं किंवा बंधाऱ्याचं नाव टाकायला लागले. एकटीने नदीकाठाने जायचं असेल तर हे करावंच लागतं, नाहीतर गाडी आपल्याला घेऊन हायवेलाच लागते.

एकटीने गाडी चालवताना मनाचं काय होतं, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला घरच चालू असतं. गॅस बंद केला ना, दूधवाल्याला सांगितलं ना. मग जुनी माणसं येतात, न झालेली भांडणं येतात, आपण मोठ्याने उत्तरंसुद्धा देतो. त्यानंतर एक लांबलचक रिकामा पट्टा येतो, त्यात फक्त रस्ता दिसतो. आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे एखादा विचार असा येतो की तो दिवसभर सोडत नाही. माझ्या वाट्याला आलेला विचार पाण्याचा होता. हे पाणी कुणाचं?

नांदूर मध्यमेश्वरला तो अजून आलेला नव्हता. तिथे गोदावरी आणि कादवेचं पाणी बंधाऱ्याने अडवलंय, त्या पाणथळ जागेला 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, महाराष्ट्रात पहिलीच. मी सकाळी पोहोचले तर धुकं नुकतं उठत होतं आणि बदकं पाण्यावर पसरलेली होती. खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून बघताना मला नाशिककर म्हणून अभिमानच वाटला. मागच्या बाजूला निफाडची द्राक्षं, ऑक्टोबरात छाटलेल्या बागांना कोवळे घड लागलेले. सगळं आपलं, ओळखीचं. कोपरगाव ओलांडलं, पुणतांब्याला चांगदेवांच्या समाधीवर डोकं टेकलं, टोक्याला प्रवरासंगम बघितला, आणि पैठणला आले.

पैठणला नाथसागर पहिल्यांदा बघणाऱ्याला तो समुद्रच वाटेल. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. उपयुक्त साठा 76 टीएमसीच्या घरात. आमचं गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या आसपास, आणि नाशिक मुख्यतः त्यातलंच पाणी पितं. हे आकडे मी मुलांना पाठ करून घेतले होते, पण बांधावर उभं राहून पलीकडचा काठ शोधताना त्यांचं वजन कळतं.

नाथांच्या समाधीजवळच्या घाटावर एक वयस्कर गृहस्थ पायरीवर बसले होते. डोक्याला पटका, हातात पिशवी. "कुठून आलात ताई?"

"नाशिकहून."

"नाशिकहून! म्हंजे वरच्या." ते हसले, आणि टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. "औंदा धरण भरलं, म्हणून चहा. नाही भरलं की आपलं भांडण."

चेष्टा होती, पण त्याखाली पन्नास वर्षांचं दुखणं होतं. मला ते ठाऊक होतं, पण वरच्या बाजूने. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. त्यामागे 2005 चा कायदा आहे, समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. नाशिकमध्ये असं पाणी सुटतं तेव्हा काय होतं ते मी लहानपणच्या मैत्रिणीच्या घरी पाहिलंय, तिची बाग कालव्यावर. तिचा नवरा त्या दिवशी जेवत नाही. नाशिकच्या पेपरांत बातमी येते, 'आपलं पाणी चाललं'. पैठणच्या त्या पायरीवर हे गृहस्थ त्याच पाण्याला 'आपलं पाणी आलं' म्हणत होते. दोघंही खरं बोलतात. मी त्यांना मैत्रिणीच्या बागेबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बागेला पाणी पायजेच. पण आमच्याकडं प्यायला टँकर येतो, तवा आमी बागेचं कसं ऐकावं?"

चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. काशीहून रामेश्वरला न्यायच्या कावडीतलं पाणी नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट याच गावाची. गाडीत बसल्यावर ती आठवली आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचेना.

पैठणच्या खाली नदी बदलते. धरणातून पाणी सुटलं तर वाहते, नाहीतर बंधाऱ्याबंधाऱ्यांत तुकड्यांनी उभी असते. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी. एकेका बंधाऱ्यावर थांबत गेले. आपेगाव तर ज्ञानेश्वरांचं गाव. दोन बंधाऱ्यांच्या मधे रुंद वाळू, त्यातून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. कापूस वेचणाऱ्या बायका हात करायच्या. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं, गाडीत मागे कुणी आहे का ते वाकून बघितलं आणि विचारलं, "बाई, घरचे रागावले का काय?" मी म्हटलं, नाही, नदी बघायला निघाले. त्यातली एक म्हणाली, "मग पावसाळ्यात यायचं. आत्ता काय बघताव?" गंगाखेडला जनाबाईचं दर्शन घेतलं. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये पंगतीत बसले. गुरू गोविंदसिंगांचा शेवट 1708 मध्ये इथे, गोदावरीकाठी झाला. पंजाबातून आलेली एक म्हातारी शेजारी बसली होती, तिने माझ्या ताटात स्वतःहून रोटी वाढवली. नांदेडबद्दल एवढंच लिहिते, कारण तिथे मी नदीपेक्षा माणसंच जास्त बघितली.

रेडिओवरची मराठी पातळ होत गेली. परभणीचं केंद्र सुटलं, मग खरखर, मग निजामाबादचं तेलुगू. धर्माबादच्या अलीकडे मी बाभळी बंधाऱ्यावर गेले आणि पैठणपासून डोक्यात असलेलं इथे येऊन उलटं झालं.

बाभळी महाराष्ट्राचा शेवटचा बंधारा. तेलंगणातल्या श्रीराम सागर धरणाच्या फुगवट्याच्या हद्दीत येतो म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, 2013 मध्ये निकाल लागला. त्याप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि 1 मार्चला खालच्यांसाठी 0.6 टीएमसी पाणी सोडायचं. बंधाऱ्याशेजारच्या शेतात हरभरा पेरून झालेला एक तरुण शेतकरी भेटला. तो म्हणाला, "मॅडम, नदी वाहते तेव्हा दारं उघडी, अन् ओसरायला लागली की लावायची. आमचं पाणी खाली चाललंय, आम्ही बघत बसतो."

आमचं पाणी खाली चाललंय. जवळपास तेच, जे नाशिकच्या पेपरांत वाचलं होतं. पैठणला जो मराठवाडा खालचा होता, तो इथे वरचा झाला होता. मी त्या मुलाला पैठणच्या आजोबांबद्दल सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "त्यांचंही बरोबरच आहे की." त्या दिवशी पुढचा सगळा रस्ता मी हेच घोळवत होते. खालच्याला वरच्याचा राग येतो, आणि आपल्याही खाली कुणीतरी आहे हे ध्यानात यायला बंधाऱ्याच्या पलीकडे जावं लागतं. वरचा आणि खालचा ही माणसांची जात नव्हे. नदीकाठी जिथे उभे राहाल त्यावर ते ठरतं.

बासरला सरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यासासाठी रांग होती. आईबाप मुलांचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. मला तेलुगू वाचता येत नाही, पण हात धरून गिरवलेलं पहिलं अक्षर कसं दिसतं ते मी ओळखते. ती वेलांटी कुठे थरथरते, कुठे पाटीबाहेर जाते, ते सगळीकडे सारखं. मी रांगेच्या कडेला बराच वेळ उभी होते. एका बाईने मला 'टीचर?' म्हणून विचारलं. कसं ओळखलं कोण जाणे. मी हो म्हटल्यावर तिने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना मला शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा शाळेची फार आठवण आली.

तेलंगणातला प्रवास भराभर झाला. श्रीराम सागर, धर्मपुरी, मग रामगुंडमच्या वीजकेंद्राची धुराडी, गोदावरीखनीच्या कोळशाने काळवंडलेले ट्रक. इथे लोकांचा प्रश्न बदलला. पेट्रोल पंपावर, इडलीच्या गाड्यावर, सगळे एकच विचारायचे, "ओक्करे वच्चारा, अम्मा?" एकट्याच आलात? सुरुवातीला मी खाणाखुणांनी उत्तर दिलं, नंतर 'अवुनु' म्हणायला शिकले. तेवढ्यावर माणसं बसायला खुर्ची देतात.

आता काळेश्वर. या संपूर्ण प्रवासात मी सगळ्यात जास्त वेळ जिथे बसले ते ठिकाण हेच. देवळात एकाच पानवट्यावर दोन लिंगं आहेत, एक यमाचं, एक शिवाचं. दर्शन घेऊन घाटावर आले. डावीकडून माझी गोदावरी येत होती. मी ब्रह्मगिरीपासून जिच्या काठाने आले, ती. वाळूच्या पट्ट्यांमधून, दमलेली, दोन-तीन ओघळांत वाटली गेलेली. आणि समोरून प्राणहिता येत होती. भरलेली, एकसंध, काठोकाठ नाही पण निर्विवाद वाहती. दोन्ही पाण्यांचे रंगही काही अंतर वेगळे दिसत होते.

प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा. विदर्भाचं आणि सातपुड्याच्या दक्षिण उताराचं पाणी. गोदावरीच्या अख्ख्या खोऱ्यातलं 34 टक्के क्षेत्र एकट्या प्राणहितेचं. तिच्या खाली बस्तरमधून इंद्रावती मिळते, त्याच्याही खाली शबरी. आमच्याकडे त्र्यंबकला पाऊस धो धो, पण निफाडच्या पुढे तो रोडावतो, आणि तिथून नांदेडपर्यंतची गोदावरी पर्जन्यछायेतून जाते. जे पडतं ते धरणं, बंधारे, बागा, ऊस आणि शहरं पिऊन घेतात. मग आंध्रात जी विशाल नदी दिसते, जिच्यावर तिथली कोट्यवधी माणसं जगतात, तिच्यातलं पाणी मुख्यतः नागपूर-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोली-बस्तरच्या पावसाचं असतं. नाव मात्र त्र्यंबकच्या धारेचं.

त्या घाटावर मला याचं वाईट वाटलं नाही. उलट छाती भरून आली. नाशिकमध्ये आम्ही नदीवर हक्क सांगतो तो उगमाच्या जोरावर, आणि इथे हजारो ओढ्यांनी, ज्यांची नावं मी कधी फळ्यावर लिहिली नव्हती, आपलं सगळं पाणी दुसरीच्या नावावर केलं होतं. प्राणहितेला स्वतःचं नाव पुढे न्यायचं असतं तर या संगमावर तिचाच अधिकार मोठा होता. मी उतरून दोन्ही पाण्यांत वेगवेगळे हात घातले. प्राणहितेचं पाणी गार होतं.

पूल ओलांडला की पलीकडे सिरोंचा, आणि सिरोंचा म्हणजे परत महाराष्ट्र. तेलंगणातले इतके जिल्हे ओलांडून आल्यावर समोरून लाल एसटी आली तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन ती जाईपर्यंत बघत राहिले. पाट्या मराठीत, बाजारात बोलणं तेलुगूत. चहावाल्या मुलाला मी नाशिकची म्हटल्यावर तो म्हणाला, "बापरे, नाशिक म्हणजे मुंबईकडे ना?" त्याच्यासाठी हैदराबाद जवळ होतं. त्याला मी म्हटलं, तुझ्या दारातली नदी माझ्याही दारातून येते. त्याने प्राणहितेकडे बोट दाखवून विचारलं, "ही?" "नाही, ती पलीकडची." "अच्छा, ती लहान."

ती लहान! रामकुंडावर जाऊन हे कुणी बोललं असतं तर केवढा गदारोळ झाला असता. पण तो बघून बोलत होता.

तिथून खाली मेडिगड्डाचं बराज, म्हणजे दरवाज्यांचा मोठा बंधारा, लागलं, 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले होते. मग एटुरनागारमचं जंगल आणि लांबच लांब मोकळा रस्ता. भद्राचलमच्या पुलावर मी पाट्या शोधत होते आणि त्या मिळाल्या. इथे पूर फुटांत मोजतात. 43 फुटांना पहिला इशारा, 48 ला दुसरा, 53 ला तिसरा. 2022 च्या जुलैत पाणी 71 फुटांच्या वर गेलं होतं, 1986 मध्ये 75 च्या वर. दुतोंड्या मारुती आठवला. आमच्याकडे पंचवीस-तीस हजार क्युसेक सोडलं की गोदाकाठ धास्तावतो. 2022 च्या त्या पुरात धवळेश्वरमच्या बराजवरून 25 लाख क्युसेकहून जास्त पाणी समुद्रात गेलं. आकडे कागदावर एका रेषेत मांडता येतात, पण 71 फूट कुठवर येतं ते एका दुकानदाराने मला त्याच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे हात करून दाखवलं.

भद्राचलमचं राममंदिर कंचर्ल गोपन्नांनी, म्हणजे भक्त रामदासांनी, सरकारी महसुलातून उभारलं आणि त्यापायी गोवळकोंड्याच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढली. पण मला ओढ होती ती पर्णशालेची. भद्राचलमपासून पस्तीसेक किलोमीटरवर नदीकाठीच आहे. तिथली श्रद्धा अशी, की वनवासातली पर्णकुटी इथलीच. इथेच कांचनमृग आला, इथूनच सीतामाईला नेलं. म्हणजे पंचवटी ती हीच.

मी पंचवटीची. पाच वड, सीतागुंफा, काळाराम, तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा, हे सगळं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या गावाचं नावच त्या नाकावरून पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पर्णशालेत एका पुजाऱ्यांनी मला ओढ्याकाठचे दगड दाखवले, सीतामाईच्या साडीचे रंग उमटलेले. मग विचारलं कुठून आलात. मी सांगितलं. नाशिक म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "वहाँ भी राम, यहाँ भी राम. गोदावरी तो एक है ना?" वाद घालायचा कुठलाच सूर त्यात नव्हता. मी नारळ फोडला, खाली ओढ्यापाशी बसले. एक कथा इतक्या लांबच्या दोन गावांनी आपापल्या अंगणात जपावी, आणि दोन्ही अंगणं एकाच नदीच्या काठी असावीत, हे मला कुठल्याही पुराव्यापेक्षा मोठं वाटलं. कोणाची पंचवटी खरी हा प्रश्न मी तिथेच सोडून आले.

पुढे कुनवरमला शबरी मिळते. आणि तिथून लागतो तो भाग पोलावरम धरणाच्या बुडिताचा. 2014 मध्ये आंध्र प्रदेशाची फाळणी झाली तेव्हा या धरणासाठी सात मंडलं, म्हणजे तिकडचे तालुके, तेलंगणातून आंध्रात घातली. कोया आदिवासींची गावं, मातीच्या सारवलेल्या भिंती, दारात चिंच. रस्त्यालगत सरकारी वसाहतीची एकसारखी घरं. इथे माझी वरच्या-खालच्यांची मांडणी पुन्हा हलली. पैठणला वरच्यांनी पाणी अडवलं म्हणून खालचे रडत होते, बाभळीला पाणी खाली जातं म्हणून वरचे. इथे खालच्यांच्या शेतासाठी वरच्यांचं घर, चिंच, देवाची जागा सगळं पाण्याखाली जाणार. एका अंगणात भात वाळत घातलेला होता. मी गाडी थांबवून पाणी मागितलं, बाईंनी तांब्या दिला. बोलायला भाषा नव्हती. धरणं मी आयुष्यभर विकास म्हणून शिकवली, आणि धरणांशिवाय नाशिकही प्यायचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही ज्यांना एकूण हिशेबात सगळ्यात कमी मिळतं तेच सगळ्यात जास्त देतात, हे बघून मन खट्टू होतं, ते लपवावंसं वाटत नाही.

मारेडुमिल्लीच्या घाटात नेटवर्क नव्हतं. संध्याकाळचा फोन चुकणार म्हणून मी सकाळीच घरी करून ठेवला होता. दाट झाडी, वळणामागून वळण, आणि माझ्याशिवाय रस्त्यावर जवळपास कोणी नाही. भीती वाटली का, असं नंतर खूपजणींनी विचारलं. वाटली, थोडी. पण बाई एकटी गाडी चालवतेय म्हणून कुणी त्रास दिला असं एकदाही घडलं नाही. घाट उतरल्यावर एका आमराईलगत बरीच मंडळी जेवायला बसली होती, आवळ्याच्या झाडाखाली. मी काच खाली केली तर त्यांनी हातानेच बोलावलं. पत्रावळीवर चिंचेचा पिवळा भात, आणि पुरणपोळीची सख्खी बहीण असलेली बोब्बटलू. हिंदी येणारी एक कॉलेजची मुलगी सांगायला लागली, की कार्तिकात आवळ्याखाली जेवायची त्यांची पद्धत आहे. मी म्हटलं, आमचीही! कार्तिकातलं आवळी भोजन! तिने ते सगळ्यांना तेलुगूत सांगितल्यावर एक आजी उठून आल्या आणि माझ्या पत्रावळीवर आणखी एक पोळी ठेवून गेल्या. आपले आणि तेलुगू लोकांचे महिने एकाच अमावस्येला बदलतात, गुढीपाडव्यालाच त्यांची उगादी, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या पोळीवर तूप घालून खाताना ते पोटात गेलं.

राजमहेंद्रीला पुष्कर घाटावर पहाटे गेले. कार्तिकस्नानाला आलेल्या बायका केळीच्या सोपटावर दिवा लावून पाण्यात सोडत होत्या. नदी एवढी रुंद, की पलीकडचा काठ अंधारात दिसेना. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ, आणि त्याच वेळी इथे पुष्करालु. 14 जुलै 2015 ला दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले, आणि त्याच सकाळी या गावच्या घाटावर चेंगराचेंगरीत 27 जणांचा जीव गेला. नाशिकने 2003 च्या सिंहस्थात हे भोगलंय. आम्ही पंचवटीकर ते विसरलेलो नाही. आता 2027 जवळ आलंय, दोन्हीकडे. मी घाटावर उभी राहून दोन्ही गावांसाठी एकच मागणं मागितलं.

धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांच्या नावाचं संग्रहालय आहे. या इंग्रज अभियंत्याने 1847 ते 1852 मध्ये इथे बांध घातला, आणि दुष्काळाने पिचलेला हा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. आताचं बराज नंतरचं, पण पुतळे कॉटनचेच. गावोगावी दिसतात, गळ्यात ताजे हार असतात. एका परक्या राज्यकर्त्याच्या माणसाला शेतकऱ्यांनी मनापासून हार घालावा याचं मला आधी नवल वाटलं. मग कालव्याकाठाने गाडी चालवली. कापणीला आलेला भात, नारळ, केळी, दारापुढे कालव्याच्या पायऱ्या. नवल राहिलं नाही.

अंतर्वेदीला वासिष्ठ शाखा समुद्राला मिळते. नरसिंहाचं देऊळ मागे टाकून वाळूत गाडी जाईल तिथवर नेली, पुढे पायी गेले. जाळं ओढून झालेले दोन मच्छीमार बसले होते. त्यातल्या एकाला थोडी हिंदी येत होती, तो वसईला बोटीवर काम करून आलेला. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, तो आजवर मला कुणी विचारला नव्हता. "वहाँ पानी कैसा है? साफ?"

मी खरं सांगितलं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर ओंजळीने पिता येतं. शहरातून जाताना सांडपाणी मिसळतं, पाणवेली साचतात, रामकुंडाच्या तळाला काँक्रीट घातलंय आणि ते काढावं म्हणून नाशिकमधली माणसं कोर्टापर्यंत गेलीत. त्याने दुसऱ्याला ते तेलुगूत समजावलं. मग म्हणाला, "साफ रखो अम्मा. हम लोग नीचे हैं."

संध्याकाळी रझोलच्या लॉजवरून घरी फोन केला. ह्यांनी टायरच्या हवेबद्दल विचारलं, मग कधी पोहोचशील. मी म्हटलं, आल्या वाटेने नाही येणार. सिरोंच्याहून अहेरी, मग मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते ती बघायची, पवनी, भंडारा. या नदीत ज्यांचं पाणी आहे त्यांची गावं अजून बघितली नाहीत. ह्यांनी नकाशा काढायला सांगितला आणि माझ्याबरोबर फोनवरच गावं वाचायला लागले.